परीक्षा राहू द्या, शेजारी कोणीतरी बसू द्या

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वडील ६९ वर्षांचे. परवाच त्यांचे लायसन्स आणखी पाच वर्षांसाठी रिन्यू झाले, तेही नुसत्या डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर. गाडीला हात लावावा लागला नाही. तुम्ही स्वतः ३४ चे, बारा वर्षे चालवताय, एकही अपघात नाही. म्हणून तुम्ही विचारताय की सगळ्यांचीच दर पाच वर्षांनी नव्याने टेस्ट घ्यावी का, आणि ज्याला ‘अ‍ॅडव्हान्स्ड ड्रायव्हिंग’ म्हणतात ते तुमच्यासारख्याने शिकावे का. पण मध्येच तुम्ही एक वाक्य लिहून गेलात: गेल्या महिन्यात आडगाव नाक्याजवळ डावीकडून आलेली मोटरसायकल वडिलांना दिसलीच नाही, तुम्ही ओरडलात म्हणून ब्रेक लागला. मला वाटते तुमचा खरा प्रश्न त्या वाक्यात आहे. टेस्ट घ्यावी की नाही हे सरकार ठरवेल तेव्हा ठरवेल. माणसाच्या चालवण्यात वर्षानुवर्षे काय झिजत जाते आणि ते कोणाला दिसते, हे आपल्याला आजच पाहता येते.

मी नाशिकमध्ये १९९९ पासून गाडी शिकवते. सुरुवात मारुती ८०० वर केली. तेव्हा ‘बाई शिकवणार?’ असे विचारून परत गेलेली काही माणसे होती, पुढे त्यांच्या सुना माझ्याकडेच शिकून गेल्या. अलीकडे माझे निम्मे काम नवशिक्यांचे राहिलेले नाही. पंधरा-वीस वर्षे लायसन्स असलेली माणसे येतात. कोणी परदेशातून परत आलेले असते, कोणाचा नुकताच अपघात झालेला असतो, कोणाला मुलांनी बळजबरीने आणलेले असते. त्यांच्या शेजारी बसून जे पाहिले त्यावरून लिहिते आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते सांगते, कारण त्यात एक गंमत आहे. १९८८ चा मोटार वाहन कायदा २०१९ साली दुरुस्त झाला. आता तिशीच्या आत लायसन्स काढले तर ते थेट वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालते. म्हणजे अठराव्या वर्षी पास झालेल्या मुलाकडे बावीस वर्षे कोणी ढुंकूनही पाहत नाही. तीस ते पन्नासच्या दरम्यान काढले तर दहा वर्षे, पन्नास ते पंचावन्नच्या दरम्यान काढले तर साठीपर्यंत, त्यानंतर पाच-पाच वर्षे. चाळिशी ओलांडली की रिन्यू करताना डॉक्टरांचा दाखला लागतो. प्रत्यक्ष गाडी पुन्हा कधी चालवून दाखवावी लागते? लायसन्सची मुदत संपून एक वर्ष उलटून गेले असेल तर. म्हणजे पुनर्परीक्षा आपल्याकडे आहेच, पण ती तारीख विसरलेल्या माणसासाठी आहे. वाईट चालवतो पण फॉर्म वेळेवर भरतो त्याला तिची भीती नाही.

कायद्यात आणखी एक तरतूद आहे, ती कमी लोकांना ठाऊक असते. लायसन्स निलंबित झाले तर ते परत मिळण्याआधी रिफ्रेशर कोर्स करावा, असे २०१९ च्या दुरुस्तीत आले. माझ्या मते सगळ्या चर्चेतला हाच सर्वात कामाचा धागा आहे. त्यावर पुढे येते.

सगळ्यांची टेस्ट घ्यावी का, तर आजची जी टेस्ट आहे तीच पुन्हा घेणार असाल तर माझे उत्तर नाही असे आहे. मी मुलांना टेस्टला घेऊन जाते तेव्हा काय होते ते सांगते. आठचा आकडा काढायचा, रिव्हर्स घ्यायची, चढावर थांबवून गाडी मागे न सरकवता काढायची. दहा मिनिटांत आटोपते. गाडी हाताळता येते की नाही एवढेच त्यातून कळते, आणि नवशिक्यापुरते ते ठीकही आहे. वीस वर्षे चालवणाऱ्याचा हात साफ असतोच, तो झोपेतही आठ काढेल. पण देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, आणि त्यातले सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू सरकारी अहवालात अतिवेगाच्या नावावर आहेत. ट्रॅकवर इन्स्पेक्टरसाहेबांसमोर वेगात कोण चालवतो? मोबाइल कोण काढतो? सिग्नल कोण तोडतो? ज्या गोष्टींनी माणसे मरतात त्या टेस्टच्या दिवशी घरी ठेवून येता येतात.

मग त्या दिसतात कधी? माझा अनुभव असा, की साधारण बाराव्या मिनिटाला.

जुना चालक डबल पेडलच्या गाडीत, म्हणजे शिकवणारीच्या पायाशीही ब्रेक असलेल्या गाडीत, माझ्या शेजारी बसला की पहिली पाच मिनिटे आदर्श असतात. दोन्ही हात स्टिअरिंगवर, प्रत्येक वळणाला इंडिकेटर, बेल्ट तर असा ओढून लावतात की पदर खोचावा. मी मुद्दाम काही बोलत नाही. गंगापूर रोडवरून निघायचे, एबीबी सर्कल, मायको सर्कल, मुंबई नाका असे फिरत यायचे. दहा मिनिटे झाली की मी मुलांच्या शाळेचे, यंदाच्या पावसाचे, द्राक्षांच्या भावाचे काहीतरी विचारते. माणूस बोलायला लागतो, खांदे सैल पडतात, आणि मग खरा चालक बाहेर येतो. डावा हात गिअरवर जाऊन बसतो तो तिथेच. डावा पाय क्लचवर टेकतो. सर्कलला आत फिरणाऱ्या गाड्यांना आधी जाऊ द्यायचे असते, तर हे तोंड घालून घुसतात. पुढच्या गाडीच्या इतके जवळ जातात की तिच्या मागे चिकटवलेले बाळाचे नाव वाचता येते.

तुमच्याच वयाचा एक मुलगा आला होता, आयटीतला, ओझरकडून रोज येणारा. तोही म्हणाला, दहा वर्षांत एक ओरखडा नाही. ओझर रस्त्याला ८० च्या वेगात मी त्याला पुढच्या पिकअपचे मागचे चाक एका खांबाजवळून जाताना पाहायला सांगितले, आणि तिथून मोजायला सांगितले. ‘एकशे एक, एकशे दोन’ एवढे सावकाश म्हणायला दोन सेकंद लागतात. तेवढे म्हणून झाल्यावर आपण त्या खांबाशी पोहोचलो पाहिजे. त्याचे ‘एकशे’ म्हणून होते न होते तोच खांब मागे गेला. अर्धा सेकंद. ८० च्या वेगात अर्ध्या सेकंदाचे अकरा मीटर होतात, म्हणजे जेमतेम एका एसटीची लांबी. दोन सेकंद ठेवले तर चार एसट्या मावतील. तो गप्प झाला, मग म्हणाला, ‘पण मॅडम, एवढे अंतर ठेवले तर मध्ये कोणीतरी घुसतो.’ घुसतोच. घुसू द्यायचा, आणि पुन्हा मागे राहायचे. ओझर ते नाशिकचा द्वारका चौक या सगळ्यात तुमचा अर्धा मिनिट जाईल.

‘एकही अपघात नाही’ याला मी फार किंमत देत नाही, ते यासाठी. अपघात न होण्यात तुमचे कौशल्य किती आणि समोरच्याने वेळेवर ब्रेक मारला हे किती, हे तुम्हाला आतून कळत नाही. रागावू नका. हेच मला माझ्याबद्दलही कळले नव्हते.

आमच्या धंद्यातले एक जुने सहकारी आहेत. दर दसऱ्याला गाड्यांची पूजा झाली, झेंडूच्या माळा चढल्या, की आम्ही दोघे एकमेकांच्या शेजारी बसून तासभर फिरतो. कारण साधे आहे: आम्ही दिवसभर दुसऱ्याच्या चुका पाहतो, आमच्या पाहायला कोणी नसते. तीन वर्षांपूर्वी गंगापूर नाक्याच्या अलीकडे ते मला म्हणाले, ‘ताई, तुम्ही पिवळा दिवा दिसला की अ‍ॅक्सिलरेटर दाबता.’ मी म्हटले, छे! पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. चहा होईपर्यंत मी वाद घातला, की मागून रिक्षा चिकटलेली होती, थांबले असते तर तिने ठोकले असते. ते नुसते हसत होते. वीस-बावीस वर्षे मुलांना ‘पिवळा म्हणजे थांबायची तयारी’ असे घोकवणारी मी, आणि माझा उजवा पाय भलतेच शिकून बसला होता.

सवयीचा मुद्दा झाला. पण सवयींखेरीज आणखीही काही काही बदलत असते, आणि त्याचा सवयीशी संबंध नसतो.

नियमांचे थोडक्यात सांगते. रस्त्यावर कसे चालवायचे याचे नियम १९८९ चे होते, ते जाऊन २०१७ साली नवी विनियमावली आली. ज्यांनी त्याआधी लायसन्स काढले त्यांनी ती कधी वाचलेली नसते. वाचायला कोणी सांगितलेलेही नसते. तुमच्या वडिलांनीही नसेल. फार मोठे नुकसान होते असे नाही, पण सर्कलला आधी कोणी जायचे यावर आपल्याकडे रोज जी हुज्जत चालते तिचे मूळ तिथेही आहे.

गाडीचे मात्र मी जरा लांबवणार आहे. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे झाले. त्याआधी आम्ही सगळ्यांना शिकवायचो की जोरात ब्रेक लावायची वेळ आली तर पेडल दाबा-सोडा, दाबा-सोडा करा, नाहीतर चाके जाम होऊन गाडी घसरेल. तेव्हा ते बरोबर होते. एबीएसच्या गाडीत ते काम गाडी स्वतः सेकंदाला कित्येक वेळा करते; आपण पेडल पूर्ण ताकदीने दाबून धरायचे आणि स्टिअरिंगने गाडी अडथळ्याच्या बाजूने काढायची. आता ज्याने २००५ साली शिकून २०२१ साली नवी गाडी घेतली त्याला हे कोणी सांगितले? शोरूमवाल्याने किल्ली दिली, पेढा दिला, फोटो काढला.

रविवारी अंबड एमआयडीसीत रस्ते मोकळे असतात. तिथे मागेपुढे कोणी नाही हे पाहून मी अशा माणसांना ४० च्या वेगात एकदम जोरात ब्रेक लावायला सांगते. जवळपास सगळे एकच करतात. पेडल पायाखाली थरथरते, खडखड असा आवाज येतो, आणि ते घाबरून पाय उचलतात. ‘काहीतरी तुटले!’ काही तुटलेले नसते, तो एबीएस चालू झाल्याचा आवाज असतो. पाच-सहा वेळा केले की पाय उचलणे थांबते. ज्या क्षणी पाय दाबून धरायला हवा नेमक्या त्या क्षणी उचलायची शरीराची ओढ, ही कोणत्याही लेखी परीक्षेत सापडणार नाही.

आणि शरीर. यात बरेच परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून मी वयाचा आकडा सांगायला कचरते. माझ्याकडे ७४ वर्षांच्या एक आजी येऊन गेल्या, त्यांचे चालवणे पाहून मीच शिकले. आणि पन्नाशीचे एक गृहस्थ होते, इन्सुलिन घेणारे, दुपारचे जेवण चुकले की साखर उतरायची आणि पंधरा मिनिटे काय केले ते त्यांना आठवायचे नाही. वयापेक्षा डोळे, मान, साखर, झोप आणि औषधे पाहायला हवीत. काचबिंदूत कडेची नजर इतकी हळूहळू जाते की माणसाला कळतच नाही, समोरचे तर स्पष्ट दिसत असते. मोतीबिंदू असला की समोरच्या गाडीचा प्रकाश सगळीकडे पसरतो. डोळ्याला उजेडातून अंधाराशी जुळवून घ्यायला वय वाढेल तसा जास्त वेळ लागतो. समृद्धीवर इगतपुरीजवळचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे, त्याच्या तोंडाशी गॉगल काढून ठेवायला मी ज्येष्ठांना आवर्जून सांगते. त्या रस्त्याला १०० ने जाताना एका सेकंदात गाडी २८ मीटर पुढे जाते, आणि बोगद्यात शिरताना पहिले दोन-तीन सेकंद तुम्ही निम्मे आंधळे असता.

रात्रीचेही तसेच. डिपरवर, म्हणजे दिव्यांचा झोत खाली पाडलेला असताना, साधारण ४०-५० मीटर धड दिसते. ८० च्या वेगात कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबायला, दचकायचा दीड सेकंद धरून, ७० मीटर लागतात. म्हणजे दिसल्यावर थांबता येणार नाही असा वेग आपण रोज घेत असतो, आणि रस्त्यात काही नसते म्हणून निभावते. जानेवारी २०२५ मध्ये द्वारकाच्या उड्डाणपुलावर लोखंडी सळयांनी भरलेल्या ट्रकवर मागून टेम्पो आदळला आणि तरुण मुले गेली, ते आपण सगळ्यांनी वाचले. तेव्हापासून मी रात्रीच्या धड्यात पुढच्या ट्रकच्या फक्त दिव्यांकडे पाहू नका, दिव्यांच्या मागे काय बाहेर आले आहे ते पाहा, हे वेगळे सांगते. कांद्याच्या हंगामात लासलगावकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांना तर मागे दिवाच नसतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, अ‍ॅडव्हान्स्ड ड्रायव्हिंगचा. लोकांना वाटते की म्हणजे गाडी घसरवणे, घाटात टायर वाजवणे. ती कल्पना डोक्यातून काढा. ही परंपरा ब्रिटनमध्ये पोलिस चालकांच्या प्रशिक्षणातून आली. १९५६ साली तिथे सामान्य चालकांसाठी इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड मोटरिस्ट्स ही संस्था निघाली. ज्याला हवे त्याने जाऊन वरच्या दर्जाची टेस्ट द्यायची. तिथल्या रोस्पा या संस्थेची टेस्ट तर गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ अशा श्रेण्यांत असते, आणि तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे ती श्रेणी टिकवायला दर तीन वर्षांनी पुन्हा टेस्ट द्यावी लागते. पण हे सगळे स्वखुशीचे आहे. साध्या लायसन्सची सरसकट पुनर्परीक्षा ब्रिटनही घेत नाही. सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी रिन्यू करायचे, तब्येतीची माहिती स्वतः कळवायची, एवढेच. जपानने जरा पुढचे पाऊल टाकले आहे: ७५ च्या पुढे रिन्युअलला आकलनाची चाचणी असते, आणि मे २०२२ पासून ज्यांनी आधीच्या तीन वर्षांत ठरावीक नियम मोडले असतील अशा ७५ वर्षांवरच्यांना गाडी चालवून दाखवावी लागते. वय आणि नियमभंग अशी दोन्ही कारणे जुळली तरच. मला हा विचार पटतो.

त्या पोलिसी पद्धतीचा गाभा सोपा आहे. काहीही करायच्या आधी एकच क्रम: माहिती, जागा, वेग, गिअर, आणि सगळ्यात शेवटी अ‍ॅक्सिलरेटर. आपण कसारा घाट उतरतो तेव्हा बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात. वळणात शिरतात, मग दचकून ब्रेक, मग वळणातच गिअर. काही महाभाग तर पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर उतरतात. इंजिनाचा आधार सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पेडल मऊ पडते. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच वेग कमी करून दुसरा किंवा तिसरा टाकला तर ब्रेकला पाय अगदी थोडा लावावा लागतो. ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरायचे, असे जुने ट्रकवाले सांगायचे, ते आजही खरे आहे.

आणि ही पद्धत शिकवायचे माझे साधन एकच आहे, बोलत चालवणे. जे दिसते आणि त्याचे पुढे काय होईल असे वाटते, ते मोठ्याने म्हणत जायचे. पंचवटीत एका दुपारी एका बाईंनी केलेले माझ्या लक्षात राहिले आहे: ‘डावीकडे रिक्षा उभी, पुढचे चाक बाहेर वळलेले, म्हणजे निघणार. पुढे सिटीबस थांबली, तिच्या पुढून कोणीतरी येणार, पाय ब्रेकवर. उजवीकडे आजी, निऱ्या हातात धरल्या, म्हणजे उतरणार रस्त्यात. मागे बुलेट, आवाज जवळ आला, डावीकडून घुसणार.’ आजी खरेच उतरल्या आणि बुलेटही घुसली, आणि आमची गाडी एकदाही दचकली नाही. अ‍ॅडव्हान्स्ड म्हणतात ते हे. ज्याला बोलता येत नाही त्याला बहुतेक वेळा दिसलेलेच नसते. पहिल्यांदा करताना जुने चालक नुसते ‘गाडी... गाडी... गाडी’ म्हणतात. दोन आठवड्यांत वाक्ये यायला लागतात. त्यामुळे तुम्ही शिकावे का, तर हो, आणि त्यासाठी पैसे खर्च करायच्या आधी एक आठवडा रोज दहा मिनिटे एकट्याने बोलत चालवून पाहा. लोक वेडा म्हणतील, काच वर ठेवा.

धोरण माझ्या हातात असते तर मी काय केले असते? टेस्ट नाही, पास-नापास नाही. रिन्युअलच्या वेळी एका तासाची रस्त्यावरची फेरी, शेजारी प्रशिक्षित माणूस, शेवटी हातात कागद: तीन गोष्टी चांगल्या, तीन सुधारायच्या. पास-नापास आले की माणूस नाटक करतो, आणि ‘सेटिंग’ करून देणारेही उगवतात. नुसता सल्ला विकत घ्यायला एजंट लागत नाही. सक्तीची पुनर्परीक्षा मी अशांपुरती ठेवेन ज्यांच्याकडे बोट दाखवायला कारण आहे: लायसन्स निलंबित झालेले, गंभीर अपघातात दोषी ठरलेले, आणि डॉक्टरांनी शंका लिहिलेले. रोजगारासाठी चालवणाऱ्यांचे लायसन्स पाच वर्षांनी रिन्यू होतेच, त्यांच्यासाठी ही फेरी पहिल्यांदा सुरू करावी, कारण त्यांच्या मागे पन्नास माणसे बसलेली असतात. विमानाच्या पायलटची दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये तपासणी होते आणि त्याला त्यात अपमान वाटत नाही.

एवढी माणसे आणणार कुठून, हा आक्षेप बरोबर आहे. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम २०२१ मध्ये आले, हलक्या वाहनासाठी २९ तासांचा कोर्स ठरला, त्यातले २१ तास प्रत्यक्ष गाडीवर. पण ते सगळे नव्या शिकणाऱ्यांसाठी आहे. जुन्यांसाठी रचना नाही. तरी नाशिकने एकदा छोटा प्रयोग केलेला आहे. २०२१ साली इथे हेल्मेटची मोहीम निघाली, तेव्हा विनाहेल्मेट सापडलेल्यांना दंडाऐवजी ट्रॅफिक पार्कमध्ये दोन तास समुपदेशनाला बसवले जात होते. लोकांनी कुरकुर केली, विनोद केले. पण माझ्या ओळखीतले दोघे तिथून आल्यावर हेल्मेट घालायला लागले, आणि त्यातला एक तर बायकोलाही घालायला लावतो. दोन माणसांवरून मी काही सिद्ध करत नाही. शहरात अशी जागा आहे, आणि ‘शिक्षा म्हणून शिकणे’ लोकांनी एकदा सोसले आहे, एवढेच म्हणते. सिंहस्थ २०२७ ला आहे, बाहेरची किती वाहने येतील ते आपल्याला ठाऊक आहे. निदान तोवर सिटीबस आणि रिक्षाचालकांपासून सुरुवात व्हायला हरकत नव्हती.

आता तुमच्या वडिलांचे. ‘बाबा, तुम्ही आता गाडी सोडा’ हे वाक्य एवढ्यात उच्चारू नका. माझ्याकडे एक मुलगी ७१ वर्षांच्या वडिलांना घेऊन आली होती, बँकेतून निवृत्त झालेले, फार व्यवस्थित माणूस. वाटेत डावीकडे वळताना सायकलवरचा दूधवाला त्यांना दिसला नाही, माझ्या पेडलने गाडी थांबली. कडेला घेऊन पाहिले तर दोन्ही साइड मिररमध्ये निम्मी जागा त्यांच्याच गाडीच्या दाराने व्यापलेली. मानेला पट्टा लावून झाला होता, मान डावीकडे वळतच नव्हती, आणि ते त्यांनी घरी कोणाला सांगितले नव्हते. डॅशबोर्डवर मूर्ती, आरशाला माळ, आणि काच व दार यांच्यामधला खांब, या तिघांमागे एक अख्खी मोटरसायकल लपते. आम्ही आरसे लावले, एक छोटा गोल आरसा चिकटवला, माळ काढली, मूर्ती खाली सरकवली. चौकात नुसती मान वळवण्याऐवजी कमरेतून पुढे-मागे झुकून खांबाच्या दोन्ही बाजूंनी पाहायला शिकवले. रात्री चालवायचे नाही असे त्यांनीच ठरवले. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यावर तीन महिन्यांनी ते परत आले, तेव्हा संध्याकाळी सातपर्यंत चालवायला माझी काही हरकत नव्हती.

तुमच्याकडे याहून वेगळेही निघू शकेल. ओळखीच्या चौकात आल्यावर कुठे वळायचे हे त्यांना आठवत नसेल, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरमध्ये एकदा जरी गोंधळ झाला असेल, किंवा मोटरसायकल दिसली नव्हती हेच त्यांना नंतरही पटत नसेल, तर आरसे लावून भागणार नाही. आधी डॉक्टर, आणि तोवर किल्ली तुमच्याकडे.

तसे काही नसेल तर येत्या रविवारी सकाळी सातला दोघे निघा. निघण्यापूर्वी त्यांना सीटवर बसवून उजवा आरसा लावायचा: डोके खिडकीच्या काचेला टेकवून पाहिले तेव्हा आपल्या गाडीची कड जेमतेम दिसली पाहिजे. डाव्यासाठी डोके दोन सीटच्या मध्यावर आणायचे आणि तसेच करायचे. मग आडगाव नाक्याला त्याच ठिकाणी जा, जिथे ती मोटरसायकल आली होती. पलीकडे गाडी लावा, उतरून ते वळण चालत पाहा. जाताना वडील चालवतील, तुम्ही गप्प बसाल. ओरडायचे नाही, पायाने नसलेला ब्रेक दाबायचा नाही. जे दिसेल ते मनात ठेवा. परत येताना तुम्ही चालवा, मोठ्याने बोलत चालवा, आणि तुमचे काय काय चुकते ते त्यांना सांगू द्या. बारा मिनिटांनंतर त्यांच्याकडे नीट लक्ष द्या.